बोहाड्याचा मुखवटा भुताचा नव्हे

उन्हाळा लागला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे चढवून सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, फोटो फिरतात आणि खाली ठरलेला मजकूर असतो: ‘हा आदिवासींचा भुतांचा नाच. लाकडी मुखवटे तेवढे अस्सल, कागदाचे बाजारू. मुखवटा चढवला की कुणीही नाचू शकतो. घरात टांगला तर नजर लागत नाही.’

आधी भुतांचं. कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी अशा समाजांच्या या उत्सवात पहिलं सोंग गणपतीचं, मागोमाग मोरावरची सरस्वती. मग रामायण, महाभारत आणि पुराणांतली पात्रं रात्रभर एकेक करून येतात, आणि शेवटी जगदंबा महिषासुराशी लढते. राक्षसांचे सुळे फोटोत छान दिसतात, म्हणून तेच फिरतात.

कागदाचा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण या समजापायी चांगले कारागीर कमी लेखले जातात. लाकडी मुखवटा टिकतो, पण तो मानेवर जड होतो. दहा तोंडांचा रावण एकसंध लाकडाचा केला तर तो घेऊन नाचणार कोण? कागदी मुखवट्याला मातीचा साचा लागतो. पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, म्हणजे साचा सुटतो. त्यावर खळ लावलेल्या कागदाचे आठ-दहा थर. दोन-तीन थरांनंतर सावलीत सुकवायचं. घाई करून कडक उन्हात ठेवला तर वरचा थर आधी आवळतो, आतला ओला राहतो आणि गाल वाकडा होतो. खळीत चिमूटभर मोरचूद नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत कसर लागते. साचा काढल्यावर कडा दुमडून कागदाने बांधायच्या, नाहीतर दोरीची भोकं तिथूनच फाटतात. हे सगळं जमायला हात बसावा लागतो; याला बाजारू म्हणणं अन्यायाचं आहे.

आता ‘कुणीही नाचू शकतो’. बऱ्याच गावांत कोणतं सोंग कुठल्या घराने काढायचं हे ठरलेलं असतं, आणि चढवण्याआधी मुखवट्याची पूजा होते. डोक्याला फडकं घट्ट गुंडाळून वर मुखवटा बांधतात; फडकं सैल राहिलं तर मुखवटा सरकतो आणि भोकं डोळ्यांसमोरून हटतात. तशीही त्या भोकांतून समोरचं जेमतेम दिसतं. एवढ्यावर संबळ आणि सनईच्या चालीवर, उजेडाच्या पट्ट्यात, पुढे जायचं आणि मागे यायचं. देवीची चाल वेगळी, राक्षसाची वेगळी. पावलं चुकली तर मुखवटा कितीही देखणा असो, सोंग उभं राहत नाही.

राहिली नजर. बोहाड्यातला मुखवटा भिंतीसाठी नसतोच, तो सोंगासाठी असतो. तरीही कारागिराकडून विकत घेऊन घरी लावणार असाल तर जरूर घ्या, पण तो कोणत्या पात्राचा आहे ते विचारून घ्या. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून तो उतरवून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवा. ओल धरली की आधी रंगाचे पापुद्रे सुटतात, मग नाक खचतं.