तारीख कंपनीने सांगितलेलीच नाही, तर बातमी कसली?

आज सकाळी पुन्हा तेच. ‘विंडोज १२ कधी येणार? तारीख आली समोर!’ उघडून वाचलं. आत तारीखच नाही. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘अशी चर्चा आहे’, मध्ये जाहिराती, आणि तळाला एक ओळ: मायक्रोसॉफ्ट कंपनीने अधिकृत घोषणा केलेली नाही. अहो, मग मथळ्यात काय छापलंत?

एवढं काय चिडायचं, असं वाटेल कुणाला. मामाचं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. २०२३च्या डिसेंबरात तो नवीन कॉम्प्युटर घेणार होता, पैसेही बाजूला काढले होते. नेमक्या तेव्हाच बातम्या सुटल्या की जून २०२४मध्ये विंडोज १२ येतंय. मूळ होतं तैवानच्या एका वृत्तपत्रातला अंदाज. आपल्यापर्यंत पोचेतो त्यातलं ‘कदाचित’ गळून पडलं होतं. मामा म्हणाला, “अगं, सहा महिन्यांसाठी जुनं कशाला घ्यायचं? थांबतो.”

आणि एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, जुन्या मशीनची हार्ड डिस्क गेली. प्रुफात हळदीची तारीख चुकलेली, फाइल उघडेना, आणि काउंटरसमोर नवरीचे वडील उभे. मामाने ती अख्खी पत्रिका शेजारच्या दुकानात बसून रात्रीतून नव्याने लावली.

जून आला नि गेला. विंडोज १२ नाहीच. १ ऑक्टोबर २०२४ला आलं ते आधीच्या विंडोज ११चंच अपडेट. जून छापणाऱ्यांपैकी कुणी दोन ओळींचा खुलासा केलेला मला तरी दिसला नाही.

बरं, हे आजचं नाही. विंडोज व्हिस्टा, ‘लाँगहॉर्न’ या तयारीच्या काळातल्या नावाने, २००३मध्ये येणार म्हणून गाजलं, २००४मध्ये काम जवळजवळ नव्याने सुरू करावं लागलं आणि लोकांच्या हातात पडलं ३० जानेवारी २००७ला. विंडोज ११च्या जाहिरातीतल्या चित्रात कोपऱ्यात २० ऑक्टोबर दिसलं, तर लगेच तीच तारीख ‘ठरली’. प्रत्यक्षात आलं ५ ऑक्टोबर २०२१ला.

मान्य, कधीकधी फुटलेली माहिती खरी निघते. जून २०२१मध्ये घोषणेआधी बाहेर आलेलं ११ खरंच होतं. असेल. पण त्यात कुणाचे पैसे अडकले नव्हते.

मला खरा राग याचा येतो की एक तारीख पक्की होती. विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार, हे कंपनीने कितीतरी आधी जाहीर केलं होतं. जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, हेही. मामाला त्या डिसेंबरात कुणीतरी हे सांगायला हवं होतं. तो रोज पेपर पहिल्या पानापासून वाचतो हो. छापलेल्यावर विश्वास ठेवणारी माणसं आहेत ही अजून, आणि त्यांच्याशीच असं वागायचं?

माझ्या मित्रयादीतल्या पत्रकार मित्रमैत्रिणींनो, भांडत नाहीये. अंदाज जरूर लिहा. फक्त ती तळाची ओळ उचलून पहिल्या ओळीत घाला, आणि मथळ्यातून ‘तारीख आली समोर’ काढून टाका. उद्यापासून जमेल?