राक्षस चारच्या पटीत

राक्षस लिहायला सोपा असतो. डोकं कशाचं, शेपूट कुणाची, किती घाव सोसतो आणि मेल्यावर पोटात काय सापडतं, एवढं ठरलं की तो झाला. छापायला मात्र अवघड, कारण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळाचा घरगुती अंक काढायचा तर ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात आणि मग अख्खा अंक चारच्या पटीतच बसवावा लागतो. चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस. मजकूर नेमका सव्वीस पानं भरतो. दोन पानं काढून टाकायला कुणी तयार नसतं. प्रत्येकाला आपला राक्षस लाडका. म्हणून दोन पानं भरायची. या खेळाच्या हौशी अंकांतले निम्मे राक्षस पान उरलं म्हणूनच जन्माला आलेत, अशी माझी पक्की खात्री आहे.

खेळ साधा आहे. कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच रिकामी माणसं. एकजण सूत्रधार. तो म्हणतो, ‘समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय.’ बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते सांगतात, आणि जिथे कुणाचाच भरवसा नाही तिथे फासे टाकतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं तो विकायला आला तेव्हा एका डब्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती १०००. नियम इतके मोघम की ज्यानं त्यानं आपल्या पदरचे जोडले, आणि जोडलेले एकमेकांना पाठवायला घरगुती अंक निघाले. १९७५ साली सुरू झालेल्या ‘अलारम्स अँड एक्स्कर्जन्स’मध्ये तर प्रत्येकजण आपापली पानं लिहून पाठवायचा आणि संपादिका ती एकत्र करून सगळ्यांना वाटायची. पुढे मूळ खेळाची पुस्तकं जाडजूड झाली, आणि २००० सालानंतर काही लोकांना जुनं तेच बरं होतं असं वाटू लागलं. त्यांनी जुने नियम नव्यानं लिहून काढले, आणि त्यांच्या मागोमाग घरगुती अंकही परत आले. आपल्याकडे साठच्या दशकात कवींनी अनियतकालिकं काढली, त्याच जातीचा हा उद्योग. फक्त इथे दुर्बोध ओळ आली तर वाचकाचं पात्र मरतं.

राक्षस कुठून आणावेत? नियमांची पद्धत कुणाच्या मालकीची नसते, ती मांडणारे शब्द असतात. म्हणजे ‘दोन फासे टाका आणि बेरीज बघा’ ही युक्ती बिनधास्त घ्यावी, समोरच्याचा परिच्छेद घेऊ नये. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या आताच्या कंपनीनं नियमांचा एक मोठा गठ्ठा श्रेय दिलं की वापरा अशा मोकळ्या परवान्यावर सोडला, तो उपयोगी पडतो. त्याआधीच्या परवान्यात काही नामांकित राक्षस कंपनीनं स्वतःकडे राखून ठेवले होते, त्यांच्या वाटेला जाऊच नये. गरजही नाही. मुंजा, खवीस, हडळ, वेताळ, गिऱ्हा ही सगळी मंडळी बिनपरवाना उपलब्ध आहेत आणि त्यांना रॉयल्टी म्हणून फार तर एक नारळ लागतो.

नकाशा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्याचा घ्यावा. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, हलशीला कदंबांची देवळं, भीमगडाचं जंगल, आणि बारापेडेच्या गुहांत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ हे दुर्मीळ प्रकरण. एवढं असताना काल्पनिक राज्य कशाला रचायचं? नकाशा षटकोनांत पाडायचा, एक षटकोन सहा मैलांचा, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर. या खेळाच्या १९८१ च्या नियमांत ओझं नसलेला माणूस मोकळ्या रानात दिवसाला २४ मैल चालतो, जंगलात त्याच्या दोन तृतीयांश म्हणजे १६, आणि दलदलीत निम्मे, १२. पावसाळ्यात खानापूरच्या आतल्या रस्त्यांना दलदलीचाच दर लावावा, कुणी हरकत घेत नाही. एकच पथ्य: गाव नेहमी षटकोनाच्या मधोमध ठेवावं, रेघेवर ठेवू नये. रेघेवर ठेवलं की हे गाव कुठल्या राजाचं यावर टेबलावर जी चर्चा सुरू होते ती संपत नाही. गेल्या पिढीत सुरू झालेली तरी कुठे संपलीय?

तक्ते हा या अंकांचा जीव. वाटेत काय भेटलं याचा तक्ता दोन फाशांवर बांधला तर सात येण्याची शक्यता छत्तिसात सहा असते, दोन किंवा बाराची छत्तिसात एक एक. म्हणून सातवर गवा ठेवावा. हौशी लेखक आपला सगळ्यात भारी, तीन तोंडांचा वेताळ बारावर ठेवतो आणि मग तो कुणालाच कसा भेटत नाही म्हणून हळहळतो. सगळ्यांना समान संधी द्यायची असेल तर वीस बाजूंचा फासा. तो बेळगावच्या गणपत गल्लीत मागून बघा. दुकानदार ल्युडोचा डबा पुढे करतो, दुसऱ्यांदा मागितलात तर सापशिडी. यावरचा उपाय जुनाच आहे: १९७९ च्या सुमारास अमेरिकेतही फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खेळाच्या त्या वेळच्या कंपनीनं डब्यात कापून घ्यायच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. एक ते वीस चिठ्ठ्या, एक वाटी, काढून झाली की परत टाकायची. बारा बाजूंचा फासा हवा असेल तर साधा फासा आणि नाणं: छापा आला तर सहा मिळवा, काटा आला तर आहे तेवढे.

इथपर्यंत सगळी मजा. मग छपाई.

पहिला प्रश्न कधी छापायचं. पावसाळ्यात बेळगावात कागद हवेतला ओलावा पितो, कडा वळतात, मशीनमध्ये एकाऐवजी दोन पानं शिरतात आणि अडकतात. शिवाय याच काळात प्रेसवाले मंडळांच्या पावतीपुस्तकांत बुडालेले असतात. दिवाळीला कॅलेंडरं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका, त्या थेट उन्हाळ्यापर्यंत, मधे जत्रांचे फलक. अठ्ठावीस पानी भुताच्या अंकाला या रांगेत कोण उभं करणार? अभ्यासाअंती निघालेलं उत्तर असं की वर्षातले पंधरा दिवस प्रेसवाला अगदी मोकळा असतो: पितृपक्ष. कुणी पत्रिका छापत नाही, कुणी दुकानाचं उद्घाटन करत नाही. पाऊस ओसरत आलेला असतो. घरचे म्हणतात या दिवसांत नवं काही करू नये. त्यांना अंकातले राक्षस दाखवावेत. यांना हेच दिवस सोयीचे.

दुसरा प्रश्न फाइल. वर्डची फाइल घेऊन दुकानात जाणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. त्या संगणकावर आपला फॉन्ट नसतो. जुन्या पद्धतीचा एक मराठी, एक कन्नड असे दोनच, आणि उघडताक्षणी अख्ख्या वेताळाचं इंग्रजी अक्षरांत पिठलं होतं. फॉन्ट आत घातलेली पीडीएफच न्यावी. तीही आधी घरी तपासावी, कारण काही फॉन्ट ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांचा नीट उच्चार करत नाहीत. आणि आपला मजकूर म्हणजे पायऱ्या, दऱ्या, कोपऱ्यातल्या विहिरी आणि त्यात बसलेला गिऱ्हा. अक्षर दहा पॉइंट, ओळींमधलं अंतर चौदा. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अर्ध्या कागदावर दोन स्तंभ पाडू नयेत. मराठीचे लांब शब्द मावत नाहीत आणि दोन शब्दांमधे इतकी जागा सुटते की त्यात आणखी एक राक्षस बसेल.

नकाशात भरीव काळा रंग टाळावा. झेरॉक्स मशीन भरीव काळ्याचे ढग करतं. गुहेच्या भिंती तीन-तीन बारीक रेघांच्या जुडग्यांनी भराव्यात, काढताना मान मोडते पण छापील दिसतात छान. कच्चं काम फिकट निळ्या पेन्सिलीनं, वर काळं जेल पेन, आणि स्कॅन ६०० डीपीआयला शुद्ध काळं-पांढरं. निळं उडून जातं.

मग दुकान.

“अण्णा, बॅक टू बॅक काढायचंय. बुकलेट.”

“होतंय की. खरं हे काय ओ? मटक्याचा चार्ट?”

एक ते वीस आकडे, समोर नावं, काही ठिकाणी जोड्या. त्यांचा संशय रास्त असतो. हा खेळ आहे म्हटलं की ते पानं उलटतात, पोराला कन्नडमध्ये हाक मारतात, “ए, इदु नोडो,” आणि दोघं मिळून हडळीचं चित्र बघतात. मग निकाल: “नाळे बर्री.” उद्या गेलं की कव्हरच्या माथ्यावर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ आलेलं असतं. कुणी सांगितलेलं नसतं. पत्रिकांची सवय. राहू द्यावं, हडळीला चालतं.

मशीनवर एकच खिडकी महत्त्वाची: पान कुठल्या कडेवर उलटायचं. कागद आडवा असल्यामुळे आखूड कडेवर. लांब कडेवर ठेवलं तर प्रत्येक पानाची पाठ उलटी छापून येते. म्हणून आधी एक डमी: सात रद्दी कागद एकात एक दुमडायचे, पेन्सिलीनं एक ते अठ्ठावीस आकडे टाकायचे आणि सोडवून बघायचे. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका अंगाला अठ्ठावीस आणि एक, पाठीवर दोन आणि सत्तावीस. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकोणतीस. बेरीज चुकली की पान चुकलं. अण्णांना हे समजावत बसू नये, डमीच हातात द्यावी. मधल्या चौदा आणि पंधरा या पानांवर एकच अखंड कागद असतो, म्हणून मोठा नकाशा तिथेच, मधल्या घडीवर काहीही महत्त्वाचं न ठेवता. नाहीतर पिन बरोबर खजिन्याच्या खोलीतून जाते.

पन्नास प्रतींना साडेतीनशे कागद, वर दहा टक्के वाया जातील ते धरून एक रीम उरून पुरते. कव्हरला पत्रिकेचा जाड कागद सगळेच सुचवतात. ए-फोर कागदाचे तंतू सहसा लांबीच्या दिशेनं असतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते, त्यामुळे अडीचशे जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम) कव्हर घडीवर तडकतं आणि काळी शाई सोलून पांढरी रेघ दिसते. पट्टी धरून संपलेल्या रिफिलीनं आधी खाच पाडावी, मग दुमडावं.

पिन मारणं हे सगळ्यात मानहानीचं काम. पुस्तिकेची कणा-घडी कडेपासून जवळपास पंधरा सेंटिमीटर आत आणि घरातला नंबर १० स्टेपलर तिथवर पोचतच नाही. लांब हाताचा स्टेपलर बाइंडरकडे असतो आणि तो ‘सेंटर पिनिंग’ करून देतो, पण पन्नास प्रतींसाठी त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो बघवत नाही. दुसरा मार्ग: स्टेपलरचा जबडा सरळ उघडायचा, पुस्तिका पालथी थर्मोकोलवर, वरून खालून पाच-पाच सेंटिमीटर सोडून दोन पिना दाबायच्या, उलटवून पाय चमच्याच्या पाठीनं मिटवायचे. पावसाळ्यात छापलं असेल तर वर्षभरात याच पिना गंजून पानावर तांबडे डाग उमटवतात, हा पितृपक्षाचा आणखी एक फायदा.

शेवटी कटिंग. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर पुढे येतात, ती तोंडाकडून छाटून घ्यायची. गठ्ठ्यात कण्याची बाजू एकाच अंगाला येते, गठ्ठा मोठा असला की तिकडे उंचवटा येतो आणि पातं तिरकं जातं. म्हणून गठ्ठा लहानच ठेवावा. पानांचे आकडे कडेपासून सेंटिमीटरभर आत नसतील तर ते कापले जातात आणि मग ‘पान १९ वरचा तक्ता पाहा’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही.

वाटप पोस्टानं. स्पीड पोस्टचा पहिला टप्पा ५० ग्रॅमपर्यंत. जीएसएमला सोळानं भागलं की एका ए-फोर कागदाचं वजन मिळतं: सत्तरचे सात कागद साडेतीस ग्रॅमच्या थोडे वर, अडीचशेचं कव्हर साडेपंधराच्या थोडं वर, पाकीट साडेसहा. झाले पावणेत्रेपन्न, म्हणजे पुढचा दर. कव्हर एकशे सत्तरचं घेतलं तर पावणेअठ्ठेचाळीस, आणि घडीही कमी तडकते. निपाणी, चिकोडी, चंदगड, कोल्हापूर, सगळीकडे आरामात जातं. फक्त पाकिटात प्रेमानं फासे घालू नयेत.

अंक पोचला की तिसऱ्या दिवशी कुणीतरी कळवतं की वेताळाच्या तक्त्यात नऊनंतर एकदम अकरा आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून पुन्हा पाकिटं करण्यात अर्थ नाही. दहावर काय ते पुढच्या अंकात सांगावं. तोवर सूत्रधारांनी दहा आल्यास गवा समजावा.