काका, त्या वाटीतल्या पाण्याबद्दल

राम राम काका.

पावसाळ्यात किडे-मुंग्या घराबाहेर कशा ठेवायच्या, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, घरातही वाचून दाखवली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं की लेख फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलाय, त्यांचा शिवाजी पेठेतला वाडा, वर कौलं, भिंती मातीच्या, "फटी बुजवत बसलो तर उरलेलं आयुष्य त्यातच जायचं." शिवाय मी धूर-कापराला नावं ठेवली. आणि कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची त्यांच्या आईची युक्ती मला ठाऊकच नाही.

फटींचं तुमचं बरोबर आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं माझीच स्लायडिंगची खिडकी होती. कौलारू घर बंद करायला निघणं म्हणजे चाळणीला बूच मारणं. तिथं घर राखायचा नाद सोडा, अंथरूण राखा. मच्छरदाणी लावा, आणि फक्त रात्रीच नको. डेंगीचा डास दिवसाउजेडी चावतो, त्यामुळं नातवंडं दुपारी निजली तरी लावा. एखाद्या खोलीला तक्तपोशी असेल तर तेवढ्या खोलीच्या खिडक्यांना जाळी मारून घ्या. इंचाला 16 ते 18 भोकांची जाळी मागा; त्याहून मोठ्या भोकांतून डास सहज आत येतो.

धुराचं म्हणाल तर, धूर आहे तोवर डास लांब राहतो, विरला की परत हजर. मी एवढंच लिहिलं होतं. कापराचंही तसंच, तो हवेत उडून जातो. संध्याकाळी तुळशीपाशी लावा की, कोण नको म्हणतंय? फक्त वडी रांगत्या पोराच्या हाती लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर लेकराला झटके येऊ शकतात.

आता वाट्या. ठाऊक आहेत हो काका! आमच्या आजोळी कागलला गुळाचा रवा ठेवायचं लाकडी फडताळ होतं, त्याचे चारी पाय चार जर्मनच्या वाट्यांत. मुंगी काठापर्यंत यायची, मिशा हलवायची आणि मागं फिरायची. युक्ती एक नंबर. मी ती लेखातून मुद्दाम गाळली, त्याला कारण आहे.

गेल्या श्रावणात मामींकडं गेले होते. दुपारची वेळ, पायांना डास चावून चावून नको केलं. बाहेर डबकं नाही, हौद झाकलेला. शेवटी गुडघ्यांवर बसून फडताळाखाली बॅटरी मारली. वाटीत स्वच्छ पाणी, आणि त्यात स्वल्पविरामाएवढ्या बारीक अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या. हाताची सावली पडली तशा वळवळत तळाला गेल्या. चारपैकी तीन वाट्यांत होत्या! मुंग्यांपासून गूळ वाचला, पण घरातच डासांची पैदास चालली होती.

डेंगीच्या डासाला गटार लागत नाही, असलंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठवणाची भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतात. नुसतं पाणी ओतून मात्र भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. मामी दर सणाला वाट्या रिकाम्या करायच्या, पण काथ्यानं घासत नव्हत्या.

तेव्हा वाट्या ठेवा, पण दर रविवारी रिकाम्या करून काथ्यानं घासा. नाहीतर पाण्यावर चमचाभर खायचं तेल सोडा. अळ्या पाण्यावर येऊन शेपटाकडच्या नळीनं श्वास घेतात, तेलाच्या तवंगानं ती वाट बंद होते.

मुंग्यांची रांग कायमची मोडायची असेल तर हळदीची रेघ ओढून उपयोग नाही. वासाच्या मागावर चालतात त्या, एक वाट अडली की दुसरी धरतात. आधी साबणाच्या पाण्यानं माग पुसा. मग 100 मिली गुळाच्या पाण्यात 1 ग्रॅम बोरिक पावडर घालून त्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यांच्या वाटेवर ठेवा, पोरांच्या आणि मांजराच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी. जास्त घालू नका. मुंगी वाटेतच मेली तर वारुळापर्यंत काही पोचत नाही.

आणि एक, वाडा आहे म्हणून सांगते. वळवाच्या पावसानंतर दिव्याला वाळवीची पाखरं येतात, ती बाहेरून आली असतील तर दिवा मालवला की झालं. पण सकाळी झाडताना लाकडी खांबाच्या बुडाशी पंखांचा ढीग दिसला, वर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर वाळवी खांबातच आहे. तिथं माझा लेखही नको आणि आईची युक्तीही नको, जाणत्या माणसाला बोलवा.

तुमच्या हौदाचं तुम्ही काही लिहिलं नाही. उघडा असेल तर गप्पी मासे सोडा, अळ्या फस्त करतात. आरोग्य खात्याकडं मिळतात, नाहीतर आमच्या टाकीत हवे तेवढे झालेत. झाकणाची बरणी घेऊन या, चहा घेऊन जा.