फ्लॉरेन्स, एक दिवस, पायी : उफित्सी सोडा, काशीने गाठा

फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस असेल आणि खिसा बेताचा असेल, तर उफित्सी संग्रहालयाचं तिकीट काढू नका आणि दुओमोच्या, म्हणजे इथल्या मुख्य कॅथेड्रलच्या, घुमटावर चढायचा हट्टही धरू नका. त्याऐवजी शहर पायी बघा आणि दुपारी काशीने नावाचं नदीकाठचं उद्यान गाठा. भुवया उंचावण्याआधी हिशोब बघा. उफित्सीचे 25 युरो, वर आरक्षणाचे 4, घुमटाच्या पासचे 30. माणशी साठेक युरो गेले. त्यात दोन्हींची वेळ आधी ठरवावी लागते. एक साडेदहाला आणि दुसरी अडीचला मिळाली की मधला सगळा वेळ घड्याळाकडे बघण्यात जातो. उफित्सीत तीन तासांच्या आत काही होत नाही. घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात आणि शहर बघायचं राहूनच जातं.

हे शहर मुळात पायी बघायचंच आहे. सांता मारिया नोव्हेला स्टेशनपासून पार सांता क्रोचेपर्यंत दीडेक किलोमीटर, त्यात निम्मं फ्लॉरेन्स आलं. स्वस्त विमानं बहुतेक पिसाला उतरतात. तिथून रिजनल ट्रेनने तासाभरात पोहोचता येतं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो याच कारणाने, आणि “माहीत नव्हतं” हे तिथे चालत नाही. पाठीवरची मोठी सॅक स्टेशनातच पैसे भरून ठेवा. दगडी फरसबंदीवर दहा-बारा किलोमीटर चालायचं आहे, आणि पाऊस पडला की ते दगड चांगलेच घसरतात. चपला नकोत.

पत्ता शोधताना घराचे नंबर नीट बघा. इथे एकाच रस्त्यावर दोन मालिका असतात: दुकानं, खानावळींना लाल, घरांना निळे किंवा काळे. पत्त्यात आकड्यानंतर ‘आर’ असेल तर तो लाल नंबर. 35 लाल आणि 35 निळा यांच्यात अर्धी गल्ली असू शकते. निळ्या 35 समोर उभं राहून “हॉटेल बंद पडलं वाटतं” म्हणणारे रोज दिसतात.

सुरुवात आठला दुओमोपासून करा, तेव्हा चौक जवळजवळ रिकामा असतो. आत जायला पैसे नाहीत, पण दार सव्वादहाच्या सुमारास उघडतं, रविवारी पर्यटकांना प्रवेशच नाही, आणि रांग लांबच लांब. रांग अर्ध्या तासापेक्षा मोठी दिसली तर सरळ पुढे चला. वैभव सगळं बाहेर आहे, आत बऱ्यापैकी ओकंबोकं आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 चा, पण समोरची पांढरी-हिरवी-गुलाबी संगमरवरी भिंत 1887 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे ती रेनेसाँची नाहीच. याचा संबंध पुढे येणार आहे.

तिथून ओर्सानमिकेले चर्चवरून सिन्योरिया चौक. लोज्जा दे लांझी ही उघडी कमान म्हणजे फुकटचं संग्रहालयच. चेल्लिनीचा पर्सियस तिथे आहे, जाम्बोलोन्याचं शिल्पही आहे आणि दोन्ही अस्सल. चौकातल्या पालाझ्झो वेक्कियो या राजवाड्याच्या दारातला मायकेलएंजेलोचा डेव्हिड मात्र नक्कल. मूळ डेव्हिड 1873 पर्यंत तिथेच उभा होता. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, साधं आणि सोडा दोन्ही फुकट. बाटली तिथे भरा.

आता दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास: सांता त्रिनिता चर्च. बाराला बंद होतं, म्हणून अकराच्या आत पोहोचा. प्रवेश फुकट, फक्त सुटी नाणी जवळ ठेवा, कारण चॅपेलमधला दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. सास्सेत्ती चॅपेलमध्ये गिर्लांदायो या चित्रकाराने 1480 च्या दशकात संत फ्रान्सिसची कथा रंगवली आहे, पण ती घडते फ्लॉरेन्समध्ये! वरच्या चित्रात आत्ताच पार केलेला सिन्योरिया चौक आहे, लोज्जाही आहे, फक्त पुतळ्यांविना. खालच्या चित्रातला चौक ओळखायचा असेल तर चर्चच्या दारातून बाहेर या. तोच आहे. उफित्सीतल्या गर्दीत डोक्यांवरून चित्र बघण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात पंचा किंवा ओढणी जवळ असू द्या.

समोरच्या त्रिनिता पुलावर उभं राहून पॉन्ते वेक्कियो हा जुना पूल बघा, त्याच्यावर उभं राहून तो दिसत नाही आणि सोनारांच्या दुकानांत आपलं काही काम नाही. पलीकडे सांतो स्पिरितो चर्च, ब्रुनेलेस्कीचंच, एकच्या आत, बुधवारी बंद.

जेवण. बेकरीत, म्हणजे ‘फोर्नो’मध्ये, स्क्याच्चाता नावाची चपटी तेलकट पोळी मिळते. त्यात चीज आणि भाजलेल्या भाज्या भरून घेतल्या की सहा-आठ युरोत दोन वेळची भूक भागते. तोस्कानाचा, म्हणजे या प्रांताचा, साधा पाव अळणी असतो, तो बिघडलेला नसतो. गाड्यांवरचा लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईचं चौथं पोट. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावा, शहराची खरी चव तीच. शाकाहारी मंडळींनी ‘रिबोल्लिता’ किंवा ‘पाप्पा अल पोमोदोरो’ मागावं, दोन्हींत शिळा पाव भाजीत शिजवलेला असतो. आपल्या फोडणीच्या पोळीचे लांबचे नातेवाईक म्हणा. काटेकोर असाल तर पेकोरिनो, पार्मिजानो ही चीजं प्राणिज रेनेटने (वासराच्या पोटातल्या विरजणाने) लावलेली असतात हे लक्षात घ्या. कॉफी उभ्यानेच प्या, दीड युरोच्या आत-बाहेर. टेबलावर बसलात की तोच कप दुप्पट-तिप्पट. आणि त्याच कॉफीवर शौचालयही वापरता येतं, बाहेर त्याला एक युरो पडतो.

साधारण साडेबारा ते चार चर्चं बंद. याच वेळेत पर्यटक पियाझाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात सेल्फी काढायला चढतात. मराठी माणसाने उलट दिशेला, आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेला निघावं. ओन्यिसांती चौकापासून साडेचार-पाच किलोमीटर. काशीने नावाचं नदीकाठचं उद्यान लागतं (आपल्या काशीशी संबंध नाही, हा जुन्या गोठ्यांचा परिसर). त्याच्या पार टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे स्मारकाची एक छत्री आहे. छत्रीखाली फेटा बांधलेल्या विशीतल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. दोन नद्यांच्या संगमावर दहन व्हावं म्हणून ही जागा निवडली गेली. 1874 च्या या स्मारकाचा आराखडा चार्ल्स मँटचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. शेजारच्या पुलाचं नावच ‘पॉन्ते आल्लिंदियानो’, भारतीय माणसाचा पूल.

महाराज आले तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. दुओमोची ती सुंदर भिंत उभीच नव्हती, आणि खरा डेव्हिड चौकात ऊन-पाऊस खात होता. सकाळी बघितलेलं शहर इथे बसून पुन्हा एकदा वेगळं दिसतं.

व्यवहाराचं: मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा बाजार भरतो, तेव्हा अलीकडच्या टोकाला गर्दी. उन्हाळ्यात सावली भरपूर आणि डासही भरपूर. वाटेत दुकानं तुरळक, पाणी आधीच भरा. अंधार पडल्यावर थांबू नका, उद्यानाचं रात्रीचं नाव चांगलं नाही. थंडीत पावणेपाचलाच सूर्य मावळतो. परतीला तीनेक किलोमीटर चालून आलात की टी-1 ट्रामचा काशीने थांबा, तिकीट 1.70 युरो, नव्वद मिनिटं चालतं.

चारनंतर ओन्यिसांती चर्च पुन्हा उघडलेलं असतं. उफित्सी सोडल्याची रुखरुख असेल, तर उजवीकडच्या बाजूला जमिनीत एक गोल दगड बसवलेला आहे, तो शोधा. उफित्सीतल्या प्रसिद्ध चित्रांचा चित्रकार बोत्तिचेल्ली तिथे पुरलेला आहे. तिकीट नाही.