सलाम नको, फिक्स रोस्टर द्या

१२ मे, म्हणजे नर्सेस डे जवळ आला की एक ठरलेली बातमी फिरायला लागते. रात्री हॉस्पिटलात नोकरी, दिवसा नर्सिंगचं शिक्षण, जिद्दी मुलगी, हातात गुच्छ, शेजारी कुणीतरी साहेब. खाली 'सलाम ताई' चा पाऊस. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूला आहे आणि सोबत पोस्ट बेसिक बीएस्सी करतेय, म्हणजे त्या फोटोतली मुलगी मीच समजा. तर थोडं स्पष्टच बोलते, मला त्या सलामाची चीड येते. ज्याची काळजी वाटायला पाहिजे त्याचं आपण कौतुक करून मोकळे होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएनएम झालेल्यांना डिग्री हवी असेल तर हा २ वर्षांचा रेग्युलर कोर्स. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे तास तर डिग्रीच्या आधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. सरकारी स्टाफला निदान डेप्युटेशनची सोय तरी आहे, नंबर लागला तर पगार चालू ठेवून शिकता येतं. खासगीत काय, राजीनामा दे नाहीतर नाईट कर. राजीनामा देऊन उदगीरला घरी जो हप्ता जातो तो कोण भरणार, म्हणून नाईट. बारा-बारा तासांच्या, त्यातच आठवड्याचे ४८ तास भरतात. कॉलेजच्या कागदावर मी पूर्णवेळ विद्यार्थिनी आणि हॉस्पिटलच्या कागदावर पूर्णवेळ स्टाफ.

सकाळी आठचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं, आठला कधीच संपत नाही कारण कुणाचं तरी बीपी नेमकं पावणेआठलाच पडतं, मग इनटेक-आऊटपुटचा चार्ट टॅली करा, डॉक्टर राऊंडला आलेले असतात, तिथून निसटून बस पकडायची, कॉलेजात स्टाफचा ड्रेस काढून स्टुडंटचा चढवायचा आणि नऊला पोस्टिंगच्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या, वॉर्डात हजर. रात्रभर व्हेंटिलेटरचा पेशंट सांभाळलेला, बीपी टिकवणारं नॉरअॅड पंपावर चालू, दर तासाला युरीन मोजलेली, आणि सकाळी मॅडम म्हणतात बेड मेकिंगचा कोपरा नीट नाही बसला, परत कर. खरं सांगायचं तर मॅडमचं चुकत नाही, कोपरा खरंच बसलेला नसतो. डोकं सणकतं ते त्याच्या पुढच्या वाक्याला, 'जांभया द्यायला येता का कॉलेजात'.

दुसऱ्या वर्षाला नर्सिंग अॅडमिनिस्ट्रेशन हा विषय आहे, त्यात स्टाफिंगचे नॉर्म्स येतात. टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स, जनरल हॉस्पिटलला पाचामागे एक, आयसीयूत एकास एक. मी हे इंटर्नल परीक्षेत टेबल काढून लिहिलं, मार्क पण चांगले पडले, आणि त्याच रात्री माझ्याकडे तीन बेड होते, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. पेपरात लिहिलं तर मार्क, वॉर्डात बोललं तर 'फार शिकलीस गं तू'.

आता सल्ले. टाईम मॅनेजमेंट कर, पहाटे चारला उठून अभ्यास कर, डोकं फ्रेश असतं. अहो पहाटे चारला मी सक्शनने पेशंटचा कफ काढत असते! आणि हे सांगणारे बहुतेक लोक दुपारी जेवून आडवे होणारे असतात, पुण्यात एक ते चार दुकानाचं शटर ओढायचा हक्क आहे, नर्सला नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नीट वाचा. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवलं होतं की माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याचं हात आणि डोळ्यांचं एकत्र काम साधारण तेवढं बिघडतं जेवढं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडतं. म्हणजे १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. संध्याकाळी सातला उठून दुसऱ्या दिवशी चारला कॉलेज सुटेपर्यंत किती तास होतात ते तुम्हीच मोजा. तेवढी पिऊन मी गाडी चालवली तर नळस्टॉपला पोलीस बाजूला घेतील, पण त्याच अवस्थेत वॉर्डात पेशंटला इंजेक्शन दिलं तर मी जिद्दी.

म्हणून मी स्वतःपुरते काही नियम केलेत, आणि ज्युनिअर मुलींनो, बाकी काही नाही ऐकलं तरी पहिला ऐका. पहाटे तीन ते पाच कुठल्याही डोसचं गणित एकटीने करायचं नाही. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड, ही हाय अलर्ट औषधं, म्हणजे डोस चुकला तर जिवावर बेतणारी, कुणीतरी दुसऱ्याने बघितल्याशिवाय जाणारच नाहीत. ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हसतात कधी कधी, हसू दे.

दुसरं म्हणजे सुट्टीचा सौदा. आरोग्य विद्यापीठाचं टाईमटेबल आलं की त्याच दिवशी प्रिंट काढून इनचार्ज सिस्टरच्या हातात द्यायची, तोंडी सांगितलेलं रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लावताना कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि रिकाम्या हाताने मागायला जायचं नाही. गणपती, दिवाळी, पाडवा, ज्या दिवशी प्रत्येकीला ऑफ पाहिजे असतो तो दिवस आपण घ्यायचा आणि बदल्यात परीक्षेतले दिवस आधीच मागून ठेवायचे. माझी लक्ष्मीपूजनं सध्या आयसीयूतच होतात. आई नाराज असते पण पेपरच्या आदल्या रात्री मी झोपलेली असते, ते जास्त महत्त्वाचं. यात सासरी असणाऱ्या मैत्रिणींचं अवघड आहे हे मान्य, त्यांना सणाला ड्युटी लावली म्हणून घरी वेगळी ड्युटी लागते.

फायलींचं म्हणाल तर केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग बुक हे सगळं पोस्टिंग संपल्यावर लिहायला बसलात की मेलात. ज्या दिवशी पेशंट घेतला त्याच दिवशी, वॉर्डातच, अक्षर कसंही येऊ दे. रंगीत पेनने अंडरलाईन करून पेशंट लवकर बरा होत नाही (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर हे बोलू नका).

झोपेसाठी मी धनकवडीत कॉट बेसिसवर जागा मुद्दाम दोन नाईटवाल्या मुलींसोबत घेतली, दिवसा कुणी भांडी आपटत नाही. तरी गणपतीच्या आधी ढोल-ताशांचा सराव संध्याकाळी पाच-सहाला सुरू होतो, म्हणजे बरोब्बर माझ्या मध्यरात्री. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. आणि चिडचिड. ती निघायची आईवर, कारण सकाळी हँडओव्हरनंतर बसमध्ये मी तिला फोन करायचे. आता संध्याकाळी उठून चहा झाल्यावर करते, भांडणं निम्म्यावर आली. ती म्हणते दोन्हीतलं एक सोड. कुठलं ते सांगत नाही.

पण हे सगळं झालं माझं जुगाड, आणि खरं तर ते माझ्यावर यायला नको होतं. याच शहरात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं, बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलला पाठवलं आणि शिकाऊ नर्सेससाठी वसतिगृह काढलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका बाईच्या लक्षात आलं होतं की शिकायला पाठवायचं तर आधी राहायची सोय पाहिजे. कुणी मला 'कमवा आणि शिका'चं उदाहरण देतं, पण तिथे शिकणं मुख्य असतं आणि काम मोजक्या तासांचं. इथे दोन्ही अख्खं.

मागणी मोठी नाहीये. शिकणाऱ्या स्टाफला फिक्स नाईट, महिन्याचं रोस्टर आधी हातात, परीक्षेची रजा ऑफमधून न कापता, आणि हँडओव्हरनंतर अर्धा तास पाठ टेकायला एक खोली. कॉलेजनेही अनुभवी स्टाफकडून बेसिक प्रोसिजर एकदा करून बघाव्यात आणि जमतंय दिसलं की पुढे जाऊ द्यावं. यातल्या एकाही गोष्टीला गुच्छाइतकासुद्धा खर्च नाही, बरं का, खोली सोडली तर. आणि खोली आहे, तिच्यात सध्या मोडक्या व्हीलचेअर ठेवल्यात.

कुणाला सेकंड इयरचं रिसर्च-स्टॅटिस्टिक्स किंवा मेंटल हेल्थच्या नोट्स हव्या असतील तर इनबॉक्स करा, फोटो पाठवते. रिप्लाय रात्री दोननंतर येईल, आयसीयू शांत असेल तर. सोशिऑलॉजीच्या मागू नका, त्या माझ्याकडेच नाहीत, उलट कुणाकडे असतील तर द्या.