हवा मोजली, माणसं मोजायची राहिली

अमेरिकेत ओहायोतलं ईस्ट पॅलेस्टाइन हे गाव आता फारसं कोणाच्या लक्षात नाही. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीची मालगाडी तिथे रुळांवरून घसरली. स्फोट होईल या भीतीने तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइडच्या (पीव्हीसी प्लास्टिक बनवायला लागणारं विषारी रसायन) पाच टाक्या मुद्दाम फोडून माल जाळला. त्याची गरजच नव्हती, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे म्हटलं. आणि घरं सोडायला लावलेल्या लोकांना ८ तारखेला सांगितलं, घरी परत या!

मला राग येतो तो त्यानंतरच्या आठवड्यांचा. लोक डोकेदुखी, खोकला, पुरळ सांगत होते, उत्तर एकच: हवा ठीक आहे. मग मार्चमध्ये पाहणीला आलेल्या सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) पथकातल्याच सात जणांचं डोकं दुखलं, घसा खवखवला. डायॉक्सिन, म्हणजे असा माल जळताना तयार होऊ शकणारी घातक रसायनं, तपासण्याचा आदेश निघाला, तोही जवळपास महिन्याने. लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पण गावभर रक्त-लघवीचे नमुने काही घेतले नाहीत.

व्हिनाइल क्लोराइडच्या खुणा शरीरातून काही दिवसांतच निघून जातात. तेव्हा नमुना घेतला नाही तर कोणाच्या अंगात किती गेलं, हे नंतर कितीही पैसा ओतून कळत नाही. त्याने होणारा यकृताचा दुर्मीळ कर्करोग मात्र कित्येक वर्षांनी उगवतो. १९७४ मध्ये लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये तो उघडकीला आला, तेही जुने कामगार होते.

ईस्ट पॅलेस्टाइनच्या अभ्यासाला छोटी अनुदानं आधी मिळाली होती, पण पाच वर्षांसाठी १ कोटी डॉलरचं मोठं संशोधन जाहीर झालं जून २०२५ मध्ये. कंपनीची रहिवाशांशी ६० कोटी डॉलरची तडजोड त्याआधीच झाली होती. म्हणजे आजार कळायच्या आत हिशेब मिटवला. कंपनीच्या दृष्टीने उत्तमच.

भोपाळमध्ये काय वेगळं झालं? आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) वायुगळतीनंतर १९८५ मध्ये सुरू केलेला अभ्यास १९९४ मध्ये गुंडाळला आणि तिथे नवी संशोधन संस्था उभी राहायला २०१० उजाडलं.

आपल्याकडे घाटात टँकर उलटला की बातमी असते वाहतूक किती तास खोळंबली याची. वाऱ्याच्या दिशेला कोणती वाडी होती, तिथल्या गरोदर बायका, दम्याची पोरं, सगळ्यात आधी धावलेले गावकरी, यांची नोंद कोण ठेवतं? अग्निशमनच्या बंबाबरोबर नमुने घेणारं पथकही निघायला हवं, आणि खर्च माल पाठवणाऱ्याच्या विम्यातून.

इथे पीएसएमवाले (सार्वजनिक आरोग्य शाखेचे) डॉक्टर असतील तर सांगा, तुमच्या कॉलेजात अशा पथकाची काही तयारी आहे का? मला खरंच जाणून घ्यायचंय.