कबर खुलताबादची, दाखला युरोपचा

२०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर उखडा म्हणून राज्यात रान पेटलं, नागपुरात दंगल झाली, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने टाकलं, ‘युरोपात बघा. तुर्कांची एक वीट ठेवली नाही त्यांनी. आपणच भोळे.’ दादा माझा चुलतभाऊ. पासपोर्ट काढलाय, अजून कोरा आहे. त्यावर पुण्याच्या भाचीने लगेच सुनावलं, ‘मामा तिकडेच आहे, विचारा त्याला. तिकडे इतिहास जपतात, आपल्यासारखं नाही.’ दोघांनी मला साक्षीला उभं केलं, आणि साक्ष मात्र कुणालाच नको होती.

तरी देतो. मी हंगेरीत, बुडापेश्टला राहतो. तिथल्या केलेनफोल्ड स्टेशनहून सकाळची गाडी धरली की तीनेक तासांत पेच शहर. सेचेन्यी चौक चढून गेलं की वरच्या अंगाला गाझी कासिम पाशाची मशीद. म्हणजे आता चर्च. तुर्कांनी १५४३ मध्ये शहर घेतलं, तिथलं सेंट बार्थोलोम्यूचं चर्च पाडून त्याच्याच दगडांत ही उभी केली. १६८६ मध्ये तुर्क हरले, इमारत जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पंथाकडे गेली, १७६६ मध्ये मिनार पाडला. हिरव्या घुमटाच्या टोकाला चंद्रकोर आहे, चंद्रकोरीवर क्रूस. इथवर ऐकून दादा टाळ्या वाजवेल. पण दादा, आत ये. मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, जागच्या जागी आहे, भिंतींवर अरबी अक्षरं आहेत, आणि त्याच घुमटाखाली रविवारची प्रार्थना होते. वीट ठेवली नाही म्हणतोस, इथे अख्खी मशीद ठेवलीय. थोड्या अंतरावर याकोवाली हसनची मशीद तर मिनारासकट उभी आहे.

बाहेर चौकात हुन्यादी यानोश घोड्यावर बसलाय. १४५६ मध्ये बेलग्रेडला तुर्कांना थोपवणारा तो हाच. घोडा, तलवारीचा मर्द आणि मागे मशिदीचा घुमट, एका फोटोत सगळं येतं. आपल्या गावच्या क्रांती चौकातही शिवाजी महाराज घोड्यावरच आहेत. त्यांना कुणाची कबर पाडून मोठं व्हायची गरज पडली असती, असं मला तरी वाटत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते सिगेतवारबद्दल. पेचहून पश्चिमेला तासाभरावर. १५६६ मध्ये तुर्कांचा सुलतान सुलेमान तिथल्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि छावणीतच मेला, सत्तरी उलटून गेलेली. मरण सैन्यापासून लपवलं. देह इस्तंबूलला नेला, पण काळीज आणि आतडी इथेच पुरली असं सांगतात. त्यावर कबर बांधली, भोवती गाव वसलं. आपला आलमगीर औरंगजेब काय वेगळा? पंचवीस वर्षं दख्खन तुडवून १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला गेला, तोही छावणीत, तोही थकून.

सुलेमानाची कबर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने १६९० च्या दशकात पाडली. दादाचा विजय! पण पुढे? अलीकडे, २०१५ च्या आसपास, पेच विद्यापीठाच्याच लोकांनी द्राक्षमळे उकरून तिचा पाया शोधून काढला. पाडणाऱ्यांना जे नको होतं तेच शोधायला पुढच्यांना ब्रश घेऊन मातीत बसावं लागलं. १९९४ पासून सिगेतवारला मैत्रीची बागही आहे, तिथे सुलेमान आणि किल्ला लढवताना मेलेला झ्रिन्यी यांचे पुतळे शेजारी-शेजारी.

आता भाचीबाई खूश. थांब जरा. झ्रिन्यी किल्ल्याबाहेर पडून रणात मेला. संभाजीराजांचे हाल करून जीव घेतला. हा फरक तुला दिसत नसेल तर तुझ्या सगळ्या मैत्रीच्या बागा तुला लखलाभ. आणि तुर्क गेल्यावर पेचमधले मुसलमान कुठे गेले, तेही विचार. घुमट राहिला, माणसं राहिली नाहीत. इथल्या सरकारने २०१८ मध्ये बुडापेश्टला गुल बाबा या तुर्की दरवेशाची कबर नटवून तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांना उद्घाटनाला बोलावलं, आणि स्थलांतरितांविरुद्ध फलकही लावले. त्या फलकांखाली उभं राहून मी ट्रामची वाट बघितलीय. ट्राममध्ये माझ्या शेजारची सीट शेवटी भरते. इतिहास जपणं आणि माणूस शेजारी बसवून घेणं, यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

मी औरंगाबादचा. (हो, अजून तेच तोंडात येतं, दादा दर वेळी दुरुस्त करतो, आणि त्याचं चूक नाही.) श्रावणी शनिवारी बाबांबरोबर रात्री चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जायचो. दर्शन झालं की परतताना बाबा औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबायचे. उघडी कबर, वर छप्पर नाही, मातीत सब्जाचं रोप, भोवती निजामाने व्हाइसरॉय कर्झनच्या सांगण्यावरून बसवलेली संगमरवरी जाळी. बाबा कमरेवर हात ठेवून बघायचे, ‘एवढं करून शेवटी हे’ म्हणायचे, आणि बस चुकेल म्हणून आम्हाला हाकायचे. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. असलाच तर हिशेब पुरा झाल्याचा सुस्कारा.

मला पेच का आवडतं, हे ग्रुपवर सांगता येणार नाही. युरोपात गॉथिक मनोरे पुष्कळ पाहिले, मान दुखते. पेचच्या त्या घुमटाखाली, टोकाला निमुळत्या झालेल्या खिडक्यांतून ऊन येतं तेव्हा पाणचक्की आठवते, बीबी का मकबरा आठवतो, शाळेची सहल आठवते. घरी ज्याला परकं म्हणायची चढाओढ चाललीय, त्याच आकारात मला घर दिसतं. आणि इथे तर तोच आकार परक्यांनी मागे टाकलेला.

मागच्या खेपेला तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यातून तुर्की भाषेतलं काढून दिलं. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मी ‘कोसोनोम’, म्हणजे हंगेरियनमध्ये धन्यवाद, म्हणालो आणि ते खिशात घातलं. दादाला हे सांगितलेलं नाही.